डोंगर गायब

आज सकाळी दार उघडलं तर समोरचा डोंगरच गायब, आणि सूर्य म्हणजे नुसती लाल टिकली, सरळ बघता येईल असा (बघू नये खरं तर). वणवा तसा लांब आहे, पण रात्री थंड हवा दरीत खाली बसते नि वर गरम हवेचं झाकण, मग धूर दुपारपर्यंत हलायचं नावच घेत नाही. गाडीच्या काचेवर राखेचे पापुद्रे, बोट लावलं की पीठ. फोन ३५ डिग्री म्हणत होता, पण ऊन खाली पोचलंच नाही तर तापणार काय! आणि रुमाल बांधून काही होत नाही हो, धुरातले २.५ मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आरपार जातात, एन९५ मास्कच लागतो. चारला वारा सुटला, डोंगराची कड दिसली, मग पाइप घेऊन वाफ्यातली पानं धुतली.