हेम्माडग्याची फेरी: भीती वटवाघळाची, धोका गोचिडीचा

मार्ग खानापूर, शिरोली, हेम्माडगा, तळेवाडी. दिवस जानेवारीअखेरचे. बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड अभयारण्य म्हटलं की बारापेडेच्या गुहा, गुहा म्हटलं की वटवाघळं, आणि मग गाडीत कुणीतरी विचारतंच, "तिथं इबोला लागतो काय?"

नाही लागत. इबोला हा आफ्रिकेतला विषाणूचा रक्तस्रावी ताप; भारतात त्याची साथ आजवर आलेली नाही. आफ्रिकेतसुद्धा तो जनावराकडून एखाद्याला होतो आणि पुढं माणसामाणसांत फिरतो. आजाऱ्याचं रक्त, उलटी किंवा जुलाब आपल्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागले तर लागण होते. हवेतून नाही, आणि लक्षणं दिसण्याआधीही नाही. लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस जातात. 1976 मध्ये काँगोतल्या यांबुकूला मिशनच्या दवाखान्यात त्याच त्या सुया न उकळता टोचल्या गेल्या आणि ताप गावोगाव गेला. 2014 च्या पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत मयताला आंघोळ घालणारे घरचेच आजारी पडत गेले.

तरी गुहेत बिनपरवाना शिरू नका. बारापेडेतलं रॉटनचं वटवाघूळ किडे खाऊन जगतं, फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि टॉर्चच्या उजेडानं बिथरतं. शिवाय कुठल्याच वटवाघळाला किंवा त्याच्या विष्ठेला उघडा हात लावू नये. युगांडातल्या पायथन गुहेत जाऊन आलेली एक डच पर्यटक 2008 मध्ये मारबर्गनं, म्हणजे इबोलाच्या सख्ख्या भावंडानं, दगावली.

या पट्ट्यात खरी काळजी माकडतापाची. हाही रक्तस्रावी ताप. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. तो गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात, 2016-17 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडं काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला. चोर्ला घाट उतरलं की हाच मुलूख. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, आणि काजूचाही तोच; पाचोळा गोळा करणारे हात म्हणूनच आधी सापडतात.

चावते ती बहुतेक पिल्लू-गोचीड. खसखशीच्या दाण्याएवढी, काळ्या पँटवर दिसतच नाही. म्हणून फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पँट मोज्यात खोचा. निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं) मिळतं का विचारा. ते उघड्या अंगावर लावायचं. पाचोळ्यावर बसायचं नाही, दगडावर बसा. दर दोन तासांनी गुडघ्यामागं, काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली, कानामागं बघा. आपल्याला दिसत नाही तिथं सोबत्यानं बघावं.

चिकटलेली सापडली तर चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढा. काडीनं चटका देणं, तेल ओतणं, पिरगाळणं हे घरगुती उपाय नकोत. गोचीड बोटानं चिरडायची नाही. जागा साबणानं धुवा, तारीख लिहून ठेवा. परत आल्यावर कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात.

वाटेत माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊन फोटो नको. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. लांबूनच वाट बदला आणि वनरक्षकाला कळवा.

चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत अचानक कडक ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरांना "ताप आहे" एवढंच न सांगता "जंगलात होतो, गोचीड चावली" हे पहिल्याच वाक्यात सांगा. पहिल्या आठवड्यातच रक्ताची आरटीपीसीआर तपासणी उपयोगी पडते. यावर खास औषध नाही, जुनी लसही बंद झाली. पाणी, विश्रांती आणि वेळेवर उपचार. शंभरातले तीन ते पाच दगावतात. तापाला पॅरासिटामॉल चालेल; ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मात्र नको, त्यानं रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणून लगेच बागेवर जाऊ नका, काहींना एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो आणि तेव्हा मेंदूवर जातो.