आमची वाटचाल: शंभरीच्या जीवनपटांचं काम

जीवनपट म्हणजे लांब पट्टी. वरच्या ओळीत शतायुषी माणसाचं आयुष्य, खाली त्या त्या सालचा इतिहास. वडिलांनी आणि त्यांच्या भागीदारांनी हे काम सुरू केलं ते टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या आरेखनाच्या शाईपेनांवर. 0.2 मिलिमीटर रेषेचं पेन तुंबलं की वडील ते स्वतः कोमट पाण्यात धूत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ती पेनं अजून चालतात.

नमुना म्हणून भिंतीवर महर्षी कर्व्यांचा पट होता. जन्म 1858, त्याच वर्षी राणीचा जाहीरनामा. 1896 मध्ये वर विधवांसाठी आश्रम, खाली मुंबईतला प्लेग. 1916 मध्ये युरोपात महायुद्ध पेटलेलं आणि इकडे महिला विद्यापीठ. 1958 मध्ये, शंभरीत, भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 ला निधन, तेव्हा चीनशी युद्ध चालू. वडील गिऱ्हाइकाला त्यासमोर उभं करत, पुढे काही सांगावं लागत नसे.

मग फ्लेक्स आला. तोही आम्ही निभावला असता. पण भागीदारांनी आमचे आराखडे आणि गिऱ्हाइकांची वही उचलून समोरच दुकान थाटलं. इतिहासाची एकच तयार पट्टी: 1930, 1942, 1947. कोकणातल्या खलाशाला तीच, साताऱ्याच्या शिक्षिकेलाही तीच! निम्म्या पैशांत, एका दिवसात. आमची कामं आटली, घर गहाण पडलं. सत्काराच्या शाली मात्र त्यांच्या खांद्यावर. वडिलांचं नाव कुणी घेतलं नाही, ते मला आजही सलतं.

त्या काळात एक वकीलकाका आम्हाला सोडून गेले नाहीत. त्यांच्या आई पाटणच्या. काका म्हणाले, "आईला बेचाळीसचं काही विचारू नका. कोयनेचा भूकंप मोठा लिहा." 11 डिसेंबर 1967, पहाट, माजघराची भिंत कोसळली आणि आईंनी तीन पोरं अंगणात ओढली. वडिलांनी त्या सालाला वीतभर जागा दिली. पुढे काकांनी आत्याचा पटही आमच्याकडेच केला.

घरात कुणाची शंभरी जवळ आली असेल तर आधी जन्मतारीख तपासा. दाखल्यावर 1 जून दिसला तर सावध व्हा, बऱ्याचदा ती मास्तरांनी प्रवेशासाठी टाकलेली असते. पत्रिका शोधा. तिच्यातल्या शकात 78 मिळवा, म्हणजे इसवी सन निघेल. जन्म जानेवारी ते फाल्गुनअखेरचा असेल तर 79. आणि जुने फोटो लॅमिनेट करून आणू नका, स्कॅनिंगला चमक येते. सुटेच आणा.