हिवाळ्यातली ड्राय फ्लाय: सॅन हुआनवरचा ट्राउट

न्यू मेक्सिकोतल्या नवाजो धरणाखाली सॅन हुआन नदी हिवाळ्यातही वाहती असते. धरणाच्या खोल भागातून सुटणारं पाणी वर्षभर साधारण ५ ते ७ अंश सेल्सियसवर राहतं. त्यामुळे काठावर बर्फ असताना मिज, म्हणजे चिलटाएवढे न चावणारे किडे, पाण्यातून बाहेर पडत राहतात आणि ट्राउट मासा त्यांना टिपायला वर येतो. अशा किड्यासारखा दिसणारा, गळावर बांधलेला नकली किडा म्हणजे फ्लाय, आणि पाण्यावर तरंगणारी ती ड्राय फ्लाय.

भल्या पहाटे जाऊन काही मिळत नाही. अकरा ते तीन ही वेळ धरा. गार पाण्यात मासा ताकद जपून वापरतो, म्हणून खळाळ सोडून द्या. डोहाचा उथळ होत जाणारा शेवट, फेसाची रेघ, भोवऱ्याची कड, इथे नजर ठेवा. किडा खायला मासा वीतभरसुद्धा बाजूला सरकत नाही. सगळी मेहनत आहे ती इथेच: फ्लाय त्याच्या नाकासमोरूनच जायला हवी, आणि तीही प्रवाहाच्याच वेगाने. लाइनने तिला जरा जरी ओढलं तरी मासा तोंड फिरवतो. लोक पेटीतल्या फ्लाय बदलत बसतात, पण बहुतेक वेळा दोष या ओढीचाच असतो.

म्हणून रॉड ९ फुटी, ३ किंवा ४ वजनाच्या लाइनसाठीचा, टोकाला मऊ. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा, १२ फुटांचा, त्यात शेवटचे तीन फूट टिपेट, म्हणजे त्याचा सगळ्यात बारीक भाग. टिपेटच्या जाडीत ६ एक्स म्हणजे ०.१२७ मिलिमीटर, ७ एक्स म्हणजे ०.१०२. टिपेट नायलॉनचंच घ्या. फ्लुरोकार्बन जड असतं, बुडतं आणि बारीक फ्लायला खाली खेचतं. माशाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, थोडं तिरकं उभं राहा. लाइन हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या उलट दिशेला झुकवा, म्हणजे लाइन फ्लायच्याही वरच्या अंगाला पडते आणि माशाला आधी फ्लाय दिसते. फ्लाय त्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन फुटांवर टेकवा आणि रॉडचं टोक तिच्यासोबत खाली नेत राहा. माशाने घेतली नाही तर फ्लाय त्याच्या मागे जाऊ द्या, मगच बाजूला घेऊन उचला.

मासा कसा वर येतो तेही बघा. नाक बाहेर दिसलं तर तो पूर्ण वाढलेले किडे खातोय. नुसती पाठ आणि शेपूट दिसली तर पृष्ठभागाखाली लटकलेले कोष. पहिल्यासाठी २० ते २४ नंबरची (नंबर जितका मोठा, तितकी फ्लाय छोटी) ग्रिफिथ्स नॅट ही फ्लाय उत्तम, कारण ती एकमेकांना चिकटलेल्या मिजच्या घोळक्यासारखी दिसते. दुसऱ्यासाठी तिच्याच पिसाचे खालचे तंतू कापून टाका, म्हणजे ती पाण्याच्या पापुद्र्यात बसते. एवढीशी फ्लाय दिसत नसेल तर आधी १८ नंबरची पॅराशूट ॲडम्स ही जरा मोठी फ्लाय बांधा आणि तिच्या गळाच्या वाकाला ४० सेंटिमीटर टिपेटने छोटी जोडा.

फ्लाय तरंगवण्याचं जेल थंडीत घट्ट होतं. ट्यूब आतल्या खिशात ठेवा. भिजलेल्या फ्लायला कोरडी पूड चांगली. बदकाच्या सीडीसी पिसांच्या फ्लायला जेल लावूच नका, पिसं चिकटून बसतात.

हवा शून्याखाली असली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. लाइन आत ओढताना तिच्यासोबत पाणी येतं आणि तेच गोठतं, म्हणून लाइन कमी ओढावी लागेल अशा अंतरावरून फेका. बर्फ नखाने उपटू नका, कडी किंवा रॉडचं टोक तुटतं. टोक पाण्यात बुडवून धरा, वितळतो.

मासा लागला की झटका नको. तुम्ही वरच्या अंगाला असता, त्यामुळे घाई केली तर फ्लाय त्याच्या तोंडातून सुटून येते. तोंड मिटून तो खाली वळू दे, मग रॉड नुसता उचला. गळ बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, नसलेलाच हवा. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून सोडा. कडाक्याच्या हवेत बाहेर काढला तर कल्ले गोठू शकतात.

आणि चालताना खाली बघा. ब्राऊन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो आणि ती हिवाळाभर खड्यांखाली असतात. आजूबाजूच्या शेवाळी तळात धुतल्यासारखा उजळ, लांबट गोल पट्टा दिसला तर ती अंड्यांची जागा, त्यावर आणि त्याच्या लगेच खालच्या बाजूलाही पाय ठेवू नका.