पेंडी दारात मिळत असताना ही पेटी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या कोल्हापुरातल्या घरी कुणीही आलं आणि स्वयंपाकघरात डोकावलं, की मातीशिवाय पाण्यावर रोपं वाढवायच्या, जांभळट-पांढऱ्या उजेडाच्या त्या पेटीकडं बघून प्रश्न येतोच: "वहिनी, कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीची पेंडी मिळत असताना एवढा खर्च कशाला? परवडतं का हे?"

उत्तर आधी देते, कारणं मागून. नुसत्या कोथिंबिरीसाठी घेत असाल, तर परवडत नाही. गच्ची असेल किंवा एखाद्या खिडकीत रोज चार-पाच तास थेट ऊन येत असेल, तरीही घेऊ नका. कुंडी आणि माती त्याहून चांगलं काम करतात. पण घर पेठेतल्या दाटीत असेल, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल, आणि पुदिना, बेसिल (तुळशीच्या कुळातली सुगंधी पानं) अशी चिमूट-चिमूट पानं तुम्हाला वरचेवर लागत असतील, तर पेटी घ्या. माझं घर या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

पेटी म्हणजे काय, तर खाली पाण्याची टाकी, वर भोकांचं झाकण, भोकांत स्पंज बसवलेल्या छोट्या जाळीच्या वाट्या आणि त्यांच्यावर उंची कमी-जास्त करता येणारा एलईडी दिवा. माती नाही. मुळं पाण्यात वाढतात आणि खत त्या पाण्यातच विरघळवायचं. लहान पंप पाणी फिरवत राहतो, म्हणजे मुळांना प्राणवायू मिळतो. यात नवीन फारसं काही नाही. जर्मन शास्त्रज्ञ युलियुस फॉन झाक्स यांनी 1860 च्या सुमारासच झाडं नुसत्या क्षारयुक्त पाण्यावर वाढवून दाखवली होती. आता नवीन आहे तो स्वस्त आणि थंड चालणारा एलईडी.

या सगळ्या गोष्टीचा जीव उजेडात आहे. स्वयंपाकघरात ट्यूब लावली की आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, पण तो उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. बाहेर भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात. डोळा हा फरक झाकून टाकतो, रोपाला तो झाकता येत नाही. म्हणून ओट्यावर नुसत्या पेल्यात ठेवलेली रोपं लांब, फिकट, मान टाकलेली होतात. आपल्याकडं जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत आभाळ आठवडे आठवडे उघडत नाही. तेव्हा खिडकीचाही भरवसा नसतो. दिवा पानांच्या शेंड्यापासून साधारण वीतभर वर ठेवायचा आणि रोप वाढेल तसा उचलायचा. विजेचा हिशेबही विचारतात. 20 वॅटचा दिवा रोज 14 तास चालला, तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत काम भागतं.

आता कोथिंबीर. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पेटी आणणारा प्रत्येक जण सुरुवात हिच्यापासून करतो आणि नाराज होतो.

पहिली गोष्ट बी. धणा हे खरं तर जोडफळ आहे, त्यात दोन बिया असतात. तळव्यांमध्ये किंवा लाटण्यानं हलकं दाबून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजत घालायचं. डब्यातले धणेही उगवतात, पण ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. कृषी सेवा केंद्रातून बियाण्याचे म्हणून मिळतात ते आणले तर खात्री जास्त. उगवायला आठवडा ते दहा दिवस लागतात, कधी आणखीही. तोवर धीर धरायचा, स्पंज उकरून बघायचा नाही. आणि बी थेट जिथं वाढवायचं तिथंच टाकायचं. कोथिंबिरीचं सोटमूळ एकदा दुखावलं की ती मनासारखी वाढत नाही.

दुसरी गोष्ट दिव्याचे तास. कोथिंबीर मोठ्या दिवसाची वनस्पती आहे. दिवस लांबला आणि उकाडा वाढला, की ती पानं सोडून फुलावर जाते. कोल्हापूर पडतं साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळं आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या थोडासाच पुढं जातो. या पेट्या मात्र बऱ्याचदा 15-16 तासांवर लावूनच येतात, म्हणजे उत्तर युरोपातला उन्हाळा. मग काय होणार? पानं बारीक, शेपूसारखी चिरलेली यायला लागतात, मधून दांडा वर जातो, आणि लोक म्हणतात बियाणं खराब होतं. बियाणं चांगलंच असतं. दिवा 12 तासांवर आणा. वाढ सावकाश होईल, पण पानं रुंद राहतील. शेपूलाही हाच नियम लागतो.

एवढं सगळं सांभाळून तांबड्या रश्श्यावर एकदा भुरभुरण्याइतकी कोथिंबीर हाती येते. आठ जणांच्या घरात मिसळ करायची असेल, तर पेंडीच आणावी लागते, आणि मी आणतेच. तरीही एक वाटी मी कोथिंबिरीला ठेवते. खुडल्यावर तिचा वास तासागणिक उतरत जातो. कात्रीनं कापून त्याच क्षणी गरम रश्श्यावर टाकलेल्या पानाचा वास ज्यानं घेतला, त्याला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. आणि पावसाळ्यात चिखलानं माखलेली, आतून काळी पडलेली पेंडी निवडत बसलेल्या बाईला तर मुळीच नाही.

पेटीचं खरं चीज करतो तो पुदिना. बी लागत नाही. मंडईतल्या पेंडीतली दोन-तीन जाड, ताजी काडकी घ्यायची, खालची पानं काढायची, पाण्यात ठेवायची. आठवडाभरात पांढरी मुळं दिसतात. मात्र बाजारातल्या काड्यांबरोबर मावा ही कीड घरात येते, म्हणून आधी पाण्याच्या धारेखाली पानांच्या मागची बाजू नीट धुवा आणि चार दिवस वेगळ्या पेल्यात ठेवून बघा. पुदिन्याची मुळं अडदांड असतात. शेजारच्यांच्या वाट्यांत शिरतात, पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात. त्याला कडेची जागा द्यायची आणि मुळं अधूनमधून कात्रीनं छाटायची. त्यानं त्याचं काही बिघडत नाही.

बेसिलचं बी महाग पाकिटातून आणायला हवं असं नाही. किराणा दुकानातला सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं बी. फालुद्यात फुगतो तो हाच. चार दाणे ओल्या स्पंजवर ठेवा. वास इटालियन बेसिलसारखा हुबेहूब येत नाही, त्यात बडीशेपेकडं झुकणारी एक छटा असते, आणि मला ती जास्त आवडते. पानांच्या जोडीच्या वरून शेंडा खुडत राहिलात, तर एकाचे दोन फुटवे होत झाड पसरतं.

"मग तुळस का नाही लावलीत?" असंही विचारतात. तुळस अंगणातली, उन्हातली. तिला पेटीत कोंडावं असं माझ्या मनाला येत नाही. ओव्याची पानं कुंडीत फांदी खोचली तरी येतात. गवती चहा पेटीत मावत नाही. कढीपत्ता तर झाडच आहे.

पाण्याविषयी थोडं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरते. बोअरचं पाणी जड असेल तर पानांच्या कडा करपतात. खत 'A' आणि 'B' अशा दोन बाटल्यांत येतं, ते एकमेकांत थेट ओतू नका. दाट द्रावणातलं कॅल्शियम दुसऱ्या बाटलीतल्या फॉस्फेट-सल्फेटशी मिळून गाळ होऊन बसतं आणि रोपाच्या उपयोगाचं राहत नाही. आधी एक पाण्यात विरघळवा, मग दुसरं. दोन-तीन आठवड्यांनी टाकी रिकामी करून घासायची. रिकामी भोकं झाकून ठेवायची, नाहीतर उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं तपकिरी पडून कुजतात. तेव्हा पाणी लवकर बदला. पेटी गॅसजवळ तर ठेवूच नका. फोडणीचा तेलकट थर पानांवर आणि दिव्यावर दोन्हीकडं बसतो.

महापुराचं कुणीतरी काढतंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आकडे आपल्याकडं लहान मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि भाजी येणं थांबलं, तेव्हा अशी पेटी असती तर? खरं सांगायचं, तर घर जगवण्याइतकं तिच्यात काही पिकत नाही, आणि पुरात वीजही जाते. वीज काही तास गेली तर रोपं तग धरतात. दिवसभर गेली, तर पाणी हातानं ढवळत राहावं लागतं.

म्हणून जे घ्यावं की नको या विचारात आहेत, त्यांना मी आधी बिनपंपाची पद्धत करायला सांगते. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावानं ती ओळखली जाते. उजेड आत न शिरणारा डबा घ्या, झाकणाला भोक पाडून जाळीची वाटी बसवा, खताचं पाणी वाटीच्या बुडाला टेकेल इतकं भरा. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि वरची मोकळी झालेली मुळं हवेतून प्राणवायू घेतात. ती जागा पुन्हा पाण्यानं बुडवायची नाही, भर घालायची ती थोडीच. यात पुदिना लावून पावसाळ्याचे दोन महिने काढा. खर्च होईल तो एका बऱ्या एलईडी दिव्याचा. पुढं पेटी घेतलीत, तर अशी घ्या जिच्यात कुठलाही साधा स्पंज आणि कुठलंही बी चालतं. एकाच कंपनीच्या तयार पुड्यांवर अडकलात, तर त्या मिळेनाशा झाल्या की पेटी नुसती जागा अडवते. दिवा मात्र वाया जात नाही, तो डब्यावरही चालतो आणि पेटीशेजारच्या कुंडीवरही.