धूर, तेल आणि खाज : तंबूतल्या मुक्कामाच्या यंदाच्या नोंदी

डास-चिलटांवरचे घरगुती उपाय आपल्याकडे घरटी चार तरी सापडतात. ते नुसते ऐकून सोडायचे नाहीत, घड्याळ लावून बघायचे, असं यंदा आम्ही ठरवलं. उपाय किती वेळ टिकतो, वारं पडल्यावर त्याचं काय होतं, घाम आला की काय होतं, हे वहीत उतरवत गेलो. आषाढापासून संक्रांतीपर्यंत कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या कडेची शेतं, पैठणच्या बाजूला नाथसागराजवळ, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याजवळ, जिंतूरकडे येलदरीच्या अलीकडचा एक आखाडा (शेतातली वस्ती) आणि बालाघाटात पाटोद्याचा माळ, असे मुक्काम झाले. गौताळा आणि जायकवाडी ही दोन्ही १९८६ पासून अभयारण्यं आहेत. तिथे आत विनापरवानगी तंबू ठोकायचा नाही आणि जाळ तर करायचाच नाही. त्यामुळे आम्ही कायम ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून थांबतो.

यंदाच्या नोंदींतून एक गोष्ट पक्की झाली. घरचा प्रत्येक उपाय ठरावीक वेळेपुरताच चालतो. धुराची वेळ वेगळी, तेलाची वेगळी, मच्छरदाणीच्या जाळीची वेगळी. एकाच उपायावर अख्खी रात्र काढायला गेलं तर फजिती होते, पण वेळेनुसार एकामागून एक लावले तर झोप शांत लागते.

दिवेलागणीचा धूर

सूर्य बुडाल्यापासून जेवणं उरकेपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट. माणसं बाहेर बसलेली असतात, चूल चालू असते, पाय उघडे असतात. या वेळेला धुराइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही. पण धूर करणं ही कला आहे, आणि ती आम्हाला येलदरीकडच्या आखाड्यावर आबांनी शिकवली. आम्ही हौसेने कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्या भसाभस निखाऱ्यावर टाकत होतो तेव्हा ते उठून जवळ आले. "आरं लेकरांनो, एकदम लोटू नका. इस्तवाला दम घेऊ द्या, मग मूठ-मूठ टाका."

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे. जुनं लोखंडी घमेलं घ्यायचं, तळाला चार बोटं राख किंवा माती. त्यावर दोन गोवऱ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि मधे चुलीतला निखारा ठेवायचा. गोवरीच्या कडा लाल होऊन वर पांढरी राख धरली की तिला हलवायचं नाही. मग कडुलिंबाचा पाला. कडक वाळलेला पाला भक्कन पेटतो आणि धूर न करताच संपतो. ताजा तोडलेला ढीगभर टाकला तर निखारा गुदमरतो. सकाळी तोडून दिवसभर सावलीत ठेवलेला, हाताला मऊ लागणारा, पण चुरा न होणारा पाला लागतो. तो टाकला की आधी कडेने पाण्याचे बारीक थेंब सुटतात, पानं गोळा होतात, आणि मग जाड, पांढुरका, जमिनीलगत सरपटणारा धूर निघतो. हाच धूर हवा. उंच जाणारा धूर डोळ्यांत जातो, घोट्यांपाशी घोटाळणाऱ्या डासांना त्याचा काही त्रास होत नाही.

घमेलं वारं येतं त्या अंगाला, बसलेल्या माणसांपासून सात-आठ पावलांवर ठेवायचं. एवढ्या तयारीवर पाऊण तास सुखाने जातो. ओढ्याकाठी निर्गुडी मिळाली तर लिंबाच्या पाल्यात ती निम्मी मिसळतो. आमच्या नोंदींत या मिश्रणाचा गुण नुसत्या लिंबापेक्षा सरस दिसला. शेवटी चिमूटभर ऊद टाकला तर वासही बरा येतो.

धूर का चालतो हे समजलं की त्याच्या मर्यादाही समजतात. आपल्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर डासाची मादी येते. धुराने तिचा हा माग बिघडतो. धूर विरला की माग पुन्हा मोकळा. म्हणून झोपेच्या वेळी धुराचा भरवसा नाही. आणि तंबूच्या आत तर घमेलं, निखारा, धुपाटणं, डासांची अगरबत्ती यांतलं काहीही न्यायचं नाही. गोवरी धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपेतच माणूस दगावतो. आमच्यात एकाला दम्याचा त्रास आहे. तो असला की धूर बंद, सगळे लवकर जाळीत. फाल्गुनापासून पुढे गवत वाळलेलं असतं तेव्हाही घमेलं काढत नाही. एक ठिणगी आणि डोंगर पेटतो.

तेलाची बाटली

आधी आम्ही खोबरेल तेलात लिंबोळीचं तेल घालत होतो. प्रमाण साधं: १०० मिलीलिटर खोबरेलात २ मिलीलिटर लिंबोळी तेल, म्हणजे साधारण ४० थेंब. याहून जास्त घातलं तर वास सहन होत नाही आणि नाजूक कातडीवर आग होते. पावसाळ्यात हे मिश्रण छान चाललं. दिवाळीनंतर मात्र अडचण आली. पाटोद्याच्या माळावर रात्री चांगली थंडी पडते आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. बाटली शेकोटीजवळ धरून बसावं लागायचं, आणि लिंबोळी तेल नीट मिसळतही नव्हतं.

यंदाची मोठी सुधारणा म्हणजे करडईचं तेल. आपल्या मातीतलंच पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर करडईचं वाणच 'परभणी कुसुम' या नावाने दिलं. घाण्यावरचं करडई तेल थंडीत पातळ राहतं, लिंबोळी त्यात एका हलवण्यात मिसळते, हाताला चिकटत नाही. एक उणीव आहे: कातडीत लवकर जिरतं, त्यामुळे दर तासाला पुन्हा लावावं लागतं. खोबरेलाचं मिश्रण दीड-दोन तास निघायचं. आता पावसाळ्यात खोबरेल, हिवाळ्यात करडई, असं धोरण आहे.

तपासायची रीतही लिहून ठेवतो, कुणाला करून बघायची असेल तर. एका पोटरीला नुसतं करडई तेल, दुसरीला लिंबोळी मिसळलेलं. अर्धा तास बसायचं आणि कुठे किती डास उतरतात ते दुसऱ्याने मोजायचं; बसलेला डास चावायच्या आत झटकायचा. नुसत्या तेलानेही थोडा फरक पडतो, हे या पद्धतीमुळेच लक्षात आलं. मात्र आसपासच्या गावांत हिवतापाचे किंवा डेंग्यूचे रुग्ण असतील तेव्हा हा खेळ अजिबात करायचा नाही.

गवती चहाची पात चुरगाळून हातापायांना चोळली तर पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं. सिट्रोनेलाचं विकतचं तेल त्याहून थोडं जास्त टिकतं, पण तेही लवकर उडून जातं. उडणाऱ्या तेलांचं हे असंच. वासामुळेच काम होतं आणि वास गेला की काम संपतं.

लहान मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. लिंबोळी तेल आणि कापूर, दोन्ही पोटात गेले तर लेकरांना झटके येऊ शकतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा आणि कापूर उघड्यावर ठेवू नका. नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून रात्रभर बघायचं, मगच अंगाला.

भादव्यात आणि अश्विनात आम्ही घरच्या तेलावर विसंबत नाही. डेंग्यूचा डास दिवसा, सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो, आणि दिवसभर दर तासाला तेल लावणं कुणाकडून होत नाही. त्या दिवसांत डीट किंवा पिकारिडिन हे डास पळवणारं रसायन असलेलं दुकानातलं मलम. डीट १९४४ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने सैन्यासाठी शोधलं आणि आजही त्याला तोड कमीच. घरच्या उपायांवर माझं प्रेम आहे, पण तापाशी खेळ नको.

जागा आणि कपडे

यावर थोडक्यात, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी टाळलं जातं. डास उडण्यात कमजोर असतो, त्यामुळे वारं लागणारा उंचवटा निवडला की निम्मं काम झालं. पाणी दिसायला हवं, पण तंबू काठावर नको. आणि मेंढरं बसवलेल्या रानात तंबू ठोकू नका. खतासाठी शेतात कळप बसवतात, ते निघून गेल्यावर रान स्वच्छ दिसतं, पण गोचीड आणि पिसवा मागे राहिलेल्या असतात. गोठ्याशेजारीही तेच.

फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, पँट मोज्यात खोचलेली. दिवा पिवळा, आणि बसायच्या जागेपासून लांब टांगलेला. नाथसागराजवळ दिव्याभोवती डासांसारखे दिसणारे किडे ढगासारखे जमतात. ते चावत नाहीत, पण भाजीत पडतात.

चावल्यावर

खाज डासाच्या लाळेमुळे सुटते. शरीर त्या लाळेला उत्तर म्हणून हिस्टामिन सोडतं आणि दादरा उठतो. म्हणून पहिलं काम गारवा. माठातल्या पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं दाबून धरला तर बहुतेक दादरे तिथेच बसतात. हा उपाय इतका साधा आहे की कुणी मनावर घेत नाही, पण आमच्या वहीत तोच पहिल्या नंबरावर आहे.

दुसऱ्या नंबरावर खायचा सोडा, पाण्याच्या चार थेंबांत कालवून लेप, वाळला की धुऊन टाकायचा. तिसऱ्यावर कोरफडीचा गर. तो लावायच्या आधी पानातून निघणारा पिवळा चीक पूर्ण वाहून जाऊ द्यायचा, नाहीतर त्यानेच खाज येते. एक उपाय नव्याने सापडला: गरम चहाचा स्टीलचा पेला, हाताला सहज सोसवेल इतकाच गरम, दादऱ्यावर दोन-तीन सेकंद टेकवायचा. मोठ्यांना चांगला उतार पडतो. मुलांवर करू नका.

तुळशीचा रस आणि हळद यांनी नुकसान काही नाही, फरकही फारसा दिसला नाही. चुना मात्र यादीतून काढून टाकला, कारण खाजवून सोललेल्या जागी तो भाजतो. लिंबू चोळून उन्हात फिरायचं नाही. त्या जागी फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. रुईचा चीक आणि सीताफळाच्या बियांची पूड हे दोन्ही डोळ्यांना घातक आहेत. बालाघाटात सीताफळं मुबलक, त्यामुळे "बिया वाटून अंगाला लावा" हा सल्ला तिथे सहज मिळतो. पुडीचा कण डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. आम्ही सीताफळं खातो आणि बिया पुरतो.

कानात किडा शिरला तर काडी घालायची नाही. कान वर करून कोमट खोबरेलाचे काही थेंब सोडायचे, किडा मरून वळवळ थांबते, मग डॉक्टरकडे. कान फुटलेला असेल तर तेलही नको.

जिथे घरचा उपाय थांबतो

गोचीड चिकटली तर तेल, काडी, तंबाखू काही नाही. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. पुढचे पंधरा दिवस ताप आला किंवा अंगावर काळ्या खपलीचा डाग दिसला तर डॉक्टरांना मुक्कामाबद्दल आवर्जून सांगा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये अशी खपली दिसते आणि वेळेत कळलं तर औषध साधं आहे.

मधमाशी चावली तर नांगी कातडीत राहते आणि विष सोडत राहते. नख, कार्ड, जे हातात असेल त्याने काही सेकंदांत काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. मग गार पाणी. कांदा चोळून पाहिला, ओल्या रुमालाइतकाच आराम. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली किंवा कड्याखाली धूर करूच नका, ती चवताळतात. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर वेळ न घालवता १०८.

विंचवासाठी बूट, बिछाना, सरपणाची मोळी झटकून घेणं हाच उपाय. रात्री अतिनील टॉर्च फिरवला की विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे तंबू लावण्याआधी आम्ही दगडांच्या फटी तशा बघून घेतो. चावलाच तर चिरा देणं, घट्ट बांधणं, मंत्र, सगळं बाजूला ठेवून दवाखाना. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं असतात. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे जगापुढे आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले. महाडला काम करताना त्यांनी १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपचार मिळतात, हे मुक्कामाला निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवतो.

पुढच्या मृगाआधी

अंगणात गवती चहाचे ठोंब लावलेत. निर्गुडीचा पाला करडई तेलात मंद आचेवर उकळून गाळलेलं तेल एका बाटलीत भरून ठेवलंय. दोन पोटऱ्यांची तीच कसोटी त्याच्यावर लावायची आहे. किनवट-माहूरकडे जंगल दाट, पाऊस जास्त, त्यामुळे तिकडच्या जाणत्यांना आमच्याहून नक्कीच जास्त ठाऊक असणार. तिकडे धुरात कोणता पाला घालतात, ओला की सुकलेला, आणि तो किती वेळ धरतो, एवढं कुणी सांगितलं तर पुढची नोंद तिथूनच सुरू करेन.