मावशीचा ब्लॉग आणि आदल्या रात्रीचा पाडवा

रविवारी मेगाब्लॉक असणार म्हणून शनिवारीच ठाण्याहून नेरूळची ट्रेन पकडली, कारण फोनवर मावशीचा दोन दिवस एकच धोशा चाललेला, "माझा पाडवा आदल्या रात्रीच झालाय, तू ये आणि बघ." पाडव्याला ती आमच्याकडेच होती स्वागतयात्रा बघायला. कौपिनेश्वराच्या पालखीचे फोटो काढले, घरी येऊन श्रीखंड खायच्या आधी साडेदहाला तिने मोबाईलवरून तिच्या ब्लॉगवर पोस्ट टाकली आणि पोस्टखाली तारीख आली आदल्या दिवसाची, वेळ रात्री दहा. तिच्या डोंबिवलीच्या मैत्रिणीने लगेच विचारलं, यात्रा निघायच्या आधीच फोटो कसे काय गं काढलेस.

टाइमझोन, म्हणजे ब्लॉगने कुठल्या देशाचं घड्याळ धरायचं ते, दुसरं काय. ब्लॉगरच्या (तिचा ब्लॉग ज्या गुगलच्या साइटवर आहे ती) सेटिंग्जमध्ये फॉरमॅटिंग म्हणून भाग आहे तिथे तो असतो आणि तिचा पॅसिफिकवर होता म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, तिकडे उन्हाळ्याची वेळ चालू असली की ते आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा. कोलकाता निवडलं, सेव्ह केलं, जुन्या पोस्टच्या तारखाही सरळ झाल्या. दोन मिनिटांचं काम. पण ब्लॉग मीच उघडून दिला होता आणि तेव्हा तासभर थीम निवडत बसलो होतो दोघी, जांभळी की मोरपंखी, आणि सेटिंग्जचं पान उघडलंसुद्धा नव्हतं, त्यामुळे बोलणी मलाच बसली.

मग म्हटलं आलेच आहे तर सगळंच बघू. थीम म्हणजे नुसती साडी, कधीही बदला, आतलं लिखाण तसंच राहतं. पहिल्या दिवशी बघायच्या गोष्टी वेगळ्याच.

सगळ्यात जास्त वेळ पर्मालिंकवर गेला. प्रत्येक पोस्टचा स्वतःचा कायमचा पत्ता असतो तो पर्मालिंक आणि ब्लॉगर तो शीर्षकावरून बनवतो, पण शीर्षक देवनागरीत असलं की त्याला त्यातलं काही घेता येत नाही म्हणून तो आपला इंग्रजीत 'blog-post' लिहून मोकळा होतो, पुढच्या पोस्टला त्याच्यामागे काहीतरी आकडा चिकटवतो. मावशीच्या २३ पोस्टचे पत्ते असेच. व्हॉट्सअपवर लिंक पाठवली तर समोरच्याला कळत नाही मोदक आहेत की भरली वांगी. उपाय सोपा आहे, लिहिताना उजवीकडे पर्मालिंक उघडायचं, कस्टम निवडायचं आणि रोमन अक्षरांत मध्ये आडवी रेघ देऊन ukadiche-modak असं लिहायचं. मात्र हे पब्लिश करायच्या आधी! नंतर बदलायचं तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि जुनी लिंक ज्यांच्याकडे गेलीये त्यांना पान सापडतच नाही, मग जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवायला सेटिंग्जमध्ये रिडायरेक्ट टाकत बसा. तिच्या जुन्या २३ ना आम्ही हात लावला नाही. आपल्या मराठीवाल्यांना ही गोष्ट कोणी आधी सांगत का नाही देव जाणे.

लेबल हा दुसरा घोळ. लेबल म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, त्यावर टिचकी मारली की त्या नावाच्या सगळ्या पोस्ट एकत्र दिसतात. पण अक्षर न अक्षर तेच लागतं. मावशीने एकदा 'पुरणपोळी', एकदा 'पुरण पोळी' आणि होळीच्या गडबडीत 'पूरणपोळी' लिहिलंय, झाले तीन डबे आणि प्रत्येकात एकेक पोळी. शिवाय एकेका पोस्टला चौदा चौदा लेबलं, त्यात 'आवडते', 'मस्त' आणि 'कालचे' पण. (कालचे म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, काल केलेले.) सात ठेवली, बाकी काढली.

पोस्ट आणि पेजमधला फरक तिला पटकन समजला. पोस्ट तारखेप्रमाणे लागतात, नवीन सगळ्यात वर. पेज त्या रांगेत येत नाही, 'माझ्याविषयी' वगैरे त्यात. तिने त्यात मोबाईल नंबर आणि फ्लॅट नंबरसकट पत्ता दिला होता, "कोणाला यायचं असेल तर?" मी काढून टाकला, ती थोडी रागावली.

कमेंटचं मात्र हसू की रडू कळेना. कोणीही कमेंट करू शकेल असं चालू होतं, निनावी सुद्धा, आणि मॉडरेशन बंद. कर्ज देणाऱ्यांच्या कमेंट पडत होत्या आणि मावशी एकेकाला उत्तर देत होती, "धन्यवाद, पण आम्हाला गरज नाही, पेन्शन पुरते." मॉडरेशन लावलं म्हणजे आपण हो म्हटल्याशिवाय कमेंट दिसत नाही, आणि खाली आपला ईमेल टाकायचा म्हणजे कमेंट आल्याचं कळतं, नाहीतर खऱ्या लोकांच्या कमेंट आत पडून राहतात आणि आपल्याला वाटतं कोणी वाचतच नाहीये. निनावी बंद करावं असं माझं मत होतं, पण तिच्या भिशीतल्या अर्ध्या जणी लॉगिनच्या भानगडीत पडत नाहीत त्यामुळे ते चालूच ठेवलं.

जंप ब्रेक तिला फार आवडला. मोठ्या पोस्टमध्ये मधे तो टाकला की मुख्य पानावर सुरुवातच दिसते आणि 'पुढे वाचा' येतं. आता प्रत्येक पाककृती फोडणीपर्यंत आणून तोडणार म्हणे.

तिच्या ऑफिसच्या जुन्या फाँटमधल्या पाककृती पेस्ट केल्या तर नुसती चिन्हं येत होती, कारण ते युनिकोड नाही, म्हणजे सगळीकडे सारखं वाचता येणारं टायपिंग नाही. कन्व्हर्टरमधून काढल्या तरी जोडाक्षरं तपासावी लागली, एका ठिकाणी मीठच गायब.

निघताना बॅकअप घेतला, सेटिंग्जमध्ये मॅनेज ब्लॉगखाली आहे, एक फाइल उतरली, त्यात पोस्ट, पेजेस, कमेंट आल्या, फोटो मात्र वेगळे जपून ठेवले. फाइल कुठे ठेवू विचारलं तर म्हणाली पासबुकाच्या ड्रॉवरमध्ये. पेनड्राइव्हवर घालून खरंच तिथे ठेवली.

घरी पोचेपर्यंत मेसेज आला, "मोरपंखी लावली थीम. कैरीच्या डाळीची पोस्ट टाकते, पत्त्यात डाळ कशी लिहू, एक ए की दोन?"