दुधाच्या घरात

संध्याकाळची धार काढून आप्पा, माझे सासरे, गोठ्यातून आले, किटली सोप्यात ठेवली आणि सरळ हौदाकडे गेले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग तोंड, मग मान. अंगातला शर्ट काढून बादलीत टाकला, दोरीवरचा धुतलेला घातला आणि मगच चिऊला घेतलं. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे दिसलं तेव्हा मी नाचणीची पेज ढवळत होते. खरं तर बरं वाटायला हवं होतं. माझ्या लेकीला, चिऊला, दुधाची ॲलर्जी आहे. गेल्या आठवड्यात गोठ्यातून येऊन त्यांनी तसंच उचललं होतं आणि चिऊच्या गालावर, नेमका जिथं त्यांचा हात लागला तिथं, लाल गांधी उठल्या होत्या. तेव्हा ते काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन बसले. आज त्यांनी स्वतःहून हात धुतले तर माझ्या घशाशी का आलं, ते कळत नाहीये. चिऊ झोपलीय, म्हणून लिहून बघते.

हे घर दुधावर उभं आहे. ह्यांचं शिक्षण, वन्संचं लग्न, वरचा स्लॅब, सगळं दहा दिवसांच्या बिलातून. दूध संस्थेत फॅट किती लागली, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा किती आला, यावर जेवताना बोलणं चालतं. पाडव्याला आप्पा म्हशींची शिंगं स्वतः रंगवतात, दुसऱ्या कुणाच्या हातात ब्रश देत नाहीत. त्या माणसाला नातीला घ्यायच्या आधी दूध धुऊन टाकावं लागतं, शेण धुवावं तसं. हेच खुपतंय. ते माझ्या मुलीपायी करावं लागतं, हे त्याहून खुपतंय.

आणि मी तरी कुठं दुधाच्या बाहेरची? लहानपणी बाबा रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत न्यायचे. समोर म्हैस पिळायची, पेला भरायचा, फेसासकट उभ्यानं प्यायचं. तालमीतली पोरं शेजारी. ओठावर फेसाची मिशी. आता महिनोन् महिने मी कोरा चहा पितेय, कारण चिऊ अंगावर पिते आणि मी खाल्लेल्या दुधातलं प्रथिन थोडंफार तिच्यापर्यंत जातं. मी दूध-दही-तूप बंद केल्यावर तिच्या गालांवरचं खरबरीत इसब उतरलं. ते उतरलेलं बघितल्यावर मला चहाचं काही वाटेनासं झालं. म्हणजे वाटतं. पण ते जाऊ दे.

उष्टावणाची आठवण नको वाटते. दादानं वाटीतली खीर अंगठीनं चाटवली आणि थोड्याच वेळात ओठांभोवती गांधी, मग उलटी. फोटोत सगळे हसताहेत. तो त्याआधीचा फोटो.

तेव्हापासून जो भेटतो तो एक उपाय सांगतो. दूध दोनदा उकळून द्या. पण उकळून केसीन, दुधातलं मुख्य प्रथिन, जात नाही. शेळीचं द्या, गांधीजी तेच प्यायचे. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांसारखीच, तिचं अंग दोन्ही एकच समजतं. देशी गाईचं द्या. पातळ करून द्या. सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं ते हे, की तिला दूध पचत नाही असं नाही. पचनाचा त्रास दुधातल्या साखरेचा असतो, तो वेगळा. हिचं शरीर दुधातल्या प्रथिनाला शत्रू धरतं. एवढं बोलून झालं की समोरचा मान हलवतो आणि विचारतो, "मग ताक?"

कधी कधी वाटतं, चिऊ आणि तिच्यावर माया करणारी सगळी माणसं यांच्यामध्ये मी हात आडवा धरून उभी आहे. कुणी तिच्यासाठी काही आणलं की आधी माझा हात पुढं होतो, पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायला. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन. बिस्किटात असतं, बटरमध्ये असतं, पुष्कळशा ब्रेडमध्ये असतं, बाळांसाठी म्हणून मिळणाऱ्या तयार पिठांमध्ये तर बहुतेक असतंच. आणणारा माणूस उभा असतो, त्याच्या तोंडाकडे मी बघत नाही. बघितलं तर वाचून होणार नाही.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणतात, "तू फार मनाला लावून घेतेस." बरोबर असेल. त्यांना सकाळी आठला निघायचं असतं.

तर खाणं. चिऊचं खाणं मात्र छान चाललंय, ते लिहायलाच हवं. सत्त्वाचं सगळं मी घरीच करते. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून धोतराच्या कापडातून गाळायची. खाली गुलाबी-करडा साका बसतो, तो ताटात पसरून वाळवायचा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे सगळे कौतुकानं सांगतात, मीही सांगायचे. पण ते अख्ख्या कोरड्या धान्याचं. गाळताना कोंडा जातो आणि पेजेत सत्त्व पडतं चमचा-दोन चमचे. म्हणून आता एक वेळ गाळलेलं सत्त्व, एक वेळ न गाळता बारीक दळलेलं पीठ, आणि डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियमचे थेंब वेगळे. त्यांनी हे शांतपणे समजावलं आणि अंगावरचं पाजणं सोडू नका म्हणाले. तेवढ्यानं मला केवढा धीर आला.

बाकी गुरगुट्या भात, मुगाचं वरण, रताळं, भोपळा, उकडलेलं अंडं. तुपाच्या जागी तेल. हावरी, म्हणजे तीळ, भाजून बारीक कुटून भातात चिमूटभर घालते, ती तिला इतकी आवडते की वाटी माझ्या हातातून ओढून घेते. आज पेजेचा चमचा तोंडापाशी नेला तर तिनं तोंड घट्ट मिटलं, चमच्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं, स्वतः आत घातलं आणि अर्धी पेज हनुवटीवरून गळ्याच्या वळीत. मग माझ्याकडे बघून ओरडली. आनंदानं. तिला काही कमी आहे असं तिच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही.

तिची वाटी, चमचा, पातेलं वेगळं. घासणीसुद्धा वेगळी, खिळ्याला टांगलेली. दुधाच्या पातेल्याची साय ज्या घासणीनं काढली ती तिच्या वाटीला लागू द्यायची नाही. सुरुवातीला आत्या, माझ्या सासूबाई, यावर काही बोलायच्या नाहीत, पण भांडी जरा जोरात ठेवायच्या. "आमच्या घरात दुधानं कुणाचं वंगाळ झालं न्हाई," एवढंच एकदा म्हणाल्या. मला ते फार लागलं होतं.

आज जेवणं झाल्यावर मी त्यांना आप्पांच्या हात धुण्याचं सांगितलं. वाईट वाटलं म्हणून सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "त्यात काय रडायचं? वसुबारसेला मी दूध-तूप तोंडाला लावते का? त्या दिवशी ते वासराचं असतंय. रेडकाचं दूध रेडकाला, तुझं हिला. हिनं आपलं मागितलंय, दुसऱ्याचं न्हाई."

मला हे कधी सुचलं नव्हतं. लहानपणापासून बघतेय, वसुबारसेला आमच्या आईकडेही बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, दुधातुपाला शिवायचं नाही. ते दुधाला कमी लेखणं आहे असं कुणाला वाटत नाही, उलट मान देणंच असतं ते. मग आप्पांच्या साबणाकडेच मी तसं का बघतेय? अजूनही पुरतं पटलेलं नाही. शर्ट बादलीत टाकताना त्यांनी एकदा गोठ्याकडे बघितलं, ते डोळ्यापुढून जात नाही. कदाचित त्यांनी सहजच बघितलं असेल. म्हैस हंबरली असेल.

डॉक्टर म्हणतात, बहुतेक मुलांचं हे शाळेत जायच्या वयापर्यंत ओसरतं. वाढदिवसानंतर पुन्हा तपासणी, आणि सगळं ठीक दिसलं तर दवाखान्यातच, त्यांच्या देखत, आधी पिठात घालून चांगलं भाजलेलं दूध अगदी थोडं. घरी काहीही करून बघायचं नाही. आप्पांनी परवा विचारलं, "तवर म्हातारी म्हैस टिकंल का?" मी म्हटलं, टिकेल की. त्यांना पहिल्या दुधाचा घोट तिचाच द्यायचा आहे.

वाढदिवसाचा बेत आत्यांनी ठरवून टाकलाय. पुरणपोळी तेलावर भाजायची, कटाची आमटी, आणि पोळीवर दुधाऐवजी सगळ्यांना गुळवणी. "घरात त्या दिवशी दुधाचा थेंब नको," म्हणाल्या. मी नको म्हटलं. आप्पांचे पाहुणे येणार, संस्थेतली माणसं येणार, त्यांच्या पोळीवर या घरचं दूध पडलं पाहिजे. बाहेर सोप्यात दूध वाढू, माजघरात चिऊची पंगत गुळवणीची, आणि वाढणारी माणसं वेगळी ठेवू. मधल्या दाराशी मी बसेन. आत्यांना हे पटलेलं नाही, पोरं इकडून तिकडं पळणार म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. उद्या परत विषय काढते.